टाकी झाली की

लोकांच्या घरी म्हातारपणी मांडीवर नातवंडं असतात, आमच्या घरी पेट्रोलची टाकी असते. आणि नातवंड निदान अधूनमधून झोपतं तरी.

ही टाकी हलवायला दोन माणसं लागतात. आत हातभर साखळी टाकायची, मूठभर जुने नट टाकायचे, वरून धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी ओतायचं आणि तोंडाला बूच मारायचं. मग एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला मी. मास्तर म्हणतात, "हं!" की मी माझं टोक वर उचलायचं, साखळी खडखडत त्यांच्याकडे जाते. मी म्हणते, "घ्या!" की ती परत माझ्याकडे. साखळीने आतला गंज खरवडून निघावा म्हणून हा सगळा उद्योग. गंज निघतो की नाही ते देव जाणे, त्याच्या आधी माझा खांदा निखळतो.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं म्हणून मीही म्हणते. शाळेतले मास्तर नव्हेत हां, गाडी शिकवणारे. तरुणपणी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा ही गाडी घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. आता लोक तिला व्हिंटेज म्हणतात, म्हणजे म्हातारीला कौतुकाने आजीबाई म्हणावं तसं. हिरवा रंग, गोल डोळ्यांसारखे दिवे, बसायला दार उघडलं की आधी गुडघा आपटतो. शिकवायची गाडी म्हणून शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला आहे. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि शिकणाऱ्याने कुणाच्या भिंतीकडे मोहरा वळवला की मास्तरांचा पाय ब्रेकवर. कोपऱ्यावरचा औषधवाला या गाडीवर शिकला, दातांची डॉक्टरीण शिकली, आमचा मुलगा बाळ शिकला. मला तेवढं शिकवलं नाही. म्हणजे सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी असं काही वाजलं आमचं की मी या दाराने उतरून घरी आले आणि ते त्या दाराने उतरून घरी आले. गाडी तिथेच, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही दारं उघडी. ती कुणी आणायची यावरून संध्याकाळपर्यंत दुसरं भांडण.

पुढे शाळेला नव्या गाड्या आल्या, ही गॅरेजमध्ये गेली. मग शाळाच बंद झाली. ही मात्र चादर पांघरून तशीच उभी राहिली, टाकीत पाव-अर्धं पेट्रोल ठेवून. अर्धी रिकामी टाकी म्हणजे गंजाचं माहेर. येतो तो राहायलाच. वरच्या मोकळ्या पत्र्याला हवेतलं पाणी धरतं, पत्रा आतून सोलायला लागतो, त्याची भुकटी पेट्रोलबरोबर पुढे जाऊन इंजिनाच्या बारीक भोकात बसते. मग गाडी सुरू होते, फाटकापर्यंत येते, उचकी लागल्यासारखी तीन-चारदा हिसके देते आणि बंद पडते. मी म्हणायचे, बरं झालं, तेवढीच हौस फिटली. कारण खरी गोष्ट गंजाची नव्हतीच. खरी गोष्ट मास्तरांच्या डोळ्यांची होती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो ते चष्म्याचा नंबर बदलायचा म्हणून. त्याने मशीनवर बसवलं, ठिपके दाखवले, दिसला की बटण दाबा म्हणाला. मास्तर बसले आहेत, ठिपके येताहेत-जाताहेत, बटण काही दाबलं जात नाही. शेवटी डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, डोळ्यांची शीर सुकत चालली आहे. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपायचं. समोरचं दिसेल, नळीतून दिसावं तेवढं. बाजूचं गेलं. आणि गाडी आजपासून विसरा, मास्तर. त्यालाही शिकवलं होतं यांनीच. सांगताना तो टेबलावरचं पेन नीट करत होता.

घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाले, "बाळाला सांगायचं नाही. मोतीबिंदू आहे म्हणायचं."

"आणि गाडी?"

"गाडीचं काय?"

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मी डोळ्यांचे थेंब घेत असताना हे गृहस्थ औषधवाल्याला म्हणतात, "जुनी गाडी काढतोय. टाकीत जरा गंज आहे. टाकी झाली की पहिली चक्कर तुला."

माझ्या हातातली बाटली पडायचीच राहिली. ताटातली भाजी दिसते आणि शेजारचा पेला दिसत नाही, असा माणूस रस्त्यावर गाडी घेऊन जाणार! बाजूने एखादं पोर सायकलवर आलं तर? कुणी फुटपाथवरून खाली पाय टाकला तर? मी नाही म्हणून पाहिलं, ओरडून पाहिलं, रडून पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं ते मिटलंच. एके दिवशी टाकी एकट्यानेच खाली उतरवायला गेले आणि पायाच्या अंगठ्यावर पाडून घेतली. नख काळंनिळं. मग काय करता? म्हटलं, चला, धरते मी दुसरं टोक. निदान पाय तरी वाचतील.

तेव्हापासून माझी ही अशी अवस्था. हाताने गंज काढते आहे आणि मनातल्या मनात त्यालाच विनवते आहे, बाबा रे, चिकटून राहा, हलू नकोस. रोज सकाळी वाटायचं, आज निघाला तर? पुढच्या आठवड्यात हे गाडीत बसले तर? रात्री कूस बदलायला खांदा देत नव्हता आणि डोळा लागायला जीव देत नव्हता.

पहिल्या वेळी आम्ही साखळीने खरवडून झाल्यावर टाकीत काठोकाठ व्हिनेगर भरलं. आठवडाभर घराला लोणच्याच्या बरणीत राहिल्यासारखा वास. ओतून काढलं तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी आलं, आणि आत टॉर्च मारला तर पत्रा चकचकीत! म्हटलं, आता ही गाडी निघणार. पण काम ते काम. सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, साध्या पाण्याने विसळलं आणि वाळवायला घेतलं.

आता वाळवणं हे माझं खातं. मी इस्पितळात हत्यारं धुवायच्या खोलीत नोकरी केली आहे, म्हातारी होईपर्यंत. कात्र्या, चिमटे, सुऱ्या. धुतलेलं हत्यार जरा ओलं राहिलं आणि तसंच डब्यात बंद केलं की सकाळी त्यावर नारिंगी ठिपके. आमची मोठी सिस्टर तो डबा उचलून टेबलावर असा आपटायची की अख्खा मजला जागा व्हायचा. तेव्हापासून ओलं झाकायचं नाही हे माझ्या हाडात बसलं आहे. मी टाकीत केस वाळवायच्या मशीनने गरम हवा मारली, काठीला फडकं गुंडाळून कोपरान् कोपरा पुसला, दिवसभर उन्हात पालथी घातली, मग बोट घालून पाहिलं. पापड वाळावा तशी खडखडीत. तोंडाला कोरड्या फडक्याचा बोळा लावला. आता दुसऱ्या दिवशी आतून अस्तराचं रसायन फिरवायचं आणि काम फत्ते. ते अस्तर मात्र अगदी कोरड्या, गंज नसलेल्या पत्र्यालाच धरतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर म्हणाले, "अगं, बघ बरं जरा आत."

मी पावडरच्या डबीतला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आत पाहिलं. आत सगळं नारिंगी. जणू कुणी हळद सांडली आहे.

"गंज आलाय," मी म्हटलं.

"वाटलंच मला. हवा दमट आहे."

मी मनातून इतकी सुटले की त्यांच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. हवा दमट तर दमट, देव करो आणि कायम दमट राहो. पुन्हा साखळी, पुन्हा नट, पुन्हा "हं" आणि "घ्या". दुसऱ्या वेळीही तेच. उन्हात तापवलेली, माझ्या हाताने कोरडी केलेली टाकी, आणि दुसऱ्या दिवशी आत नारिंगी. या खेपेला मास्तर म्हणाले, व्हिनेगर भेसळीचं होतं. आणि बाहेर औषधवाल्याने विचारलं, "काय मास्तर, कुठवर आली टाकी?" तर हे कट्ट्यावर हात टेकून म्हणतात, "अरे, गंज मोठा हट्टी आहे बघ. एक कोपरा काढला की दुसरा धरतो." सांगताना आवाज असा खुललेला, जणू शेजारणीच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगताहेत.

मला तो आवाज खटकला. आणि दुसरं म्हणजे, माझ्या वाळवण्यावर शंका घेतलेली मला चालत नाही. मी भात करपवीन, पण ओलं भांडं झाकणार नाही.

तिसऱ्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. टाकी धुतली, वाळवली, बोळा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला ओट्यापाशी गेले तर मिठाच्या बरणीचं झाकण तिरकं बसलेलं. आटा चुकवून जबरदस्तीने फिरवलेलं. मी असं करत नाही, घरात तिसरं माणूस नाही. मग गॅरेजमध्ये केरसुणी आणायला गेले तर झाडांना पाणी घालायची झारी टाकीच्या मागे ठेवलेली. आमच्या गॅरेजमध्ये एकही झाड नाही. गवतसुद्धा उगवत नाही तिथे.

झारी उचलली, तोटी जिभेला लावली. खारट.

मी ती जागच्या जागी ठेवली. टाकीच्या बोळ्याला हातही लावला नाही. काय पाहायचं ते डोळ्यांनीच पाहू म्हटलं, कारण माणूस मिठाचं पाणी एकदा ओतून थांबेल असं मला वाटेना.

दुपारी जेवणानंतर मी पडते, हे मास्तरांना ठाऊक आहे. त्या दिवशी पडले, पांघरूण घेतलं, आणि जरा घोरलेसुद्धा. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात बरणी वाजली, नळ वाजला, मागचं दार करकरलं. मी अनवाणी मागोमाग गेले आणि गॅरेजच्या खिडकीतून पाहिलं.

मास्तर टाकीपाशी उकिडवे बसले होते. एका हाताचं बोट टाकीच्या तोंडाभोवती फिरवून फिरवून तोंड कुठे आहे ते चाचपत होते. मग त्या बोटाच्या आधाराने झारीची तोटी टेकवली. निम्मं पाणी आत, निम्मं स्वतःच्या चपलेवर. खाली सांडलेलं धोतराच्या जुन्या फडक्याने पुसलं, नीट, सगळीकडे, जिथे सांडलं नव्हतं तिथेही. मग टाकी उचलून एकट्यानेच इकडे कलती, तिकडे कलती, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. लहान मुलाला थोपटावं तशी. पाणी सगळीकडे फिरलंय अशी खात्री झाली तेव्हा ते परत झारीत ओतून घेतलं, माझा बोळा जसाच्या तसा लावला आणि उठले.

मला वाटलं, आता घरात येतील. नाही. गाडीवरची चादर अर्धी सारली, दार उघडलं आणि आत बसले. स्टिअरिंगवर नाही. शेजारच्या सीटवर, जिथे बसून त्यांनी जन्म काढला. काचेतून मला त्यांचा गुडघा दिसत होता. पाय ब्रेकवर होता, दाबलेला. समोर भिंत, गाडी बंद, टाकी बाहेर काढलेली, आणि मास्तर ब्रेक दाबून बसलेले.

मी घरात आले आणि असा संताप आला म्हणून सांगू! केवढे दिवस हा माणूस मला राबवतोय! माझा खांदा गेला, हाताची कातडी गेली, घरभर व्हिनेगर प्यायल्यासारखी फिरते आहे मी, आणि हे दुपारी उठून माझ्याच मिठाने माझ्याच कामाची वाट लावताहेत! जन्मभर माझ्या हातचं मीठ खाल्लं, त्याचं हे फळ? जावं आणि कॉलर धरून विचारावं असं वाटलं. दारापर्यंत गेलेही.

पण विचारणार काय? गाडी चालवता येत नाही हे कबूल करा म्हणून? ते तर त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्या मशीनवर बसल्या बसल्याच कळलं असेल. फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं. मास्तरांना गाडी चालवता येत नाही, हे वाक्य म्हणणार कोण आणि कुणाला? औषधवाल्याला? बाळाला? म्हणून टाकी. टाकी झाली नाही तोवर मास्तर गाडी चालवणारच आहेत, नुसते थांबले आहेत. आणि मी मूर्ख, इतके दिवस घाबरून मरत होते की हे गाडी बाहेर काढतील. घाबरलेले तर ते माझ्याहून जास्त होते.

मला रडू आलं. थोडं रडले, मग रडायचाही कंटाळा आला, म्हणून चहा ठेवला.

संध्याकाळी म्हणाले, "अगं, बघ बरं जरा आत."

मी आरसा आत धरला. "गंज आहे. कोपऱ्यांत जास्त."

"वाटलंच मला," मास्तर म्हणाले, आणि चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. खांदा दुखत होता तरी झोपले.

इथवर ठीक होतं. आमचं आम्ही निभावलं असतं. पण माझी जीभ! मधल्या काळात फोनवर मी बाळाजवळ इतकी कुरकुर केली होती की काही विचारू नका. तुझ्या वडिलांची टाकी माझा जीव घेणार, माझ्या तेराव्याला टाकी मांडा फोटोशेजारी, असं काय काय. आमचा बाळ म्हणजे तसा चांगला घोडा झालाय, टक्कल पडायला आलंय, पण आईचं दुखलं की लगेच इलाज शोधणार. सुट्टीच्या दिवशी सकाळी फाटकाशी गाडी थांबली आणि हा एक भलंमोठं खोकं छातीशी धरून आत आला.

"बाबा, डोळे मिटा!"

मास्तरांनी मिटले. मिटून न मिटून काय फरक पडणार होता म्हणा.

खोक्यातून निघाली नवी कोरी टाकी. अगदी याच गाडीची, हव्या त्या मापाची, काळ्या रंगाची, आतून अस्तर लावलेली. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा कुणी कारागीर शोधून मुद्दाम घडवून आणली होती पोराने. बाळ आनंदाने नुसता उड्या मारायचा बाकी होता. "आई, तुझी हमाली संपली! बाबा, बघा, आत बोट घाला, आरशासारखं आहे. आजच बसवतो मी. पेट्रोलचा डबाही आणलाय. दुपारी चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. या वेळी ब्रेक माझ्या पायाखाली!"

मास्तर हसले. हसले आणि म्हणाले, "वा, वा. छान केलंस. बसवू की." आणि चहाचा कप उचलायला हात पुढे केला तो कपाच्या चार बोटं बाजूला गेला. टेबलाच्या रिकाम्या जागेवर बोटं चाचपत राहिली. बाळ खाली वाकून टाकीचा कागद सोडवत होता, त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता.

मी कप त्यांच्या बोटांपाशी सरकवला आणि उभी राहिले.

"ही टाकी उचल आणि परत ने," मी म्हटलं.

बाळाला वाटलं मी चेष्टा करते आहे. "काय?"

"परत ने म्हटलं ना! मला माझ्या घरात नवी टाकी नको."

"अगं आई, तूच तर फोनवर रडत होतीस!"

"रडत होते, माझी मी रडत होते. रडायचीही चोरी का आता? इतके दिवस खांदा मोडून घेतला मी त्या टाकीपायी, आणि आता तू बाजारातून दुसरी आणणार होय? माझ्या मेहनतीवर असं पाणी ओतू देणार नाही मी कुणाला!"

पाणी म्हटल्यावर मास्तरांची मान झटकन माझ्याकडे वळली. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आता सुरू केलंय तर पुरं करू म्हटलं, आणि पदर खोचून जी सुटले! ही टाकी या गाडीची, जुन्या माणसाचं पोट बदलतात का, तुम्हा आजकालच्या पोरांना सगळं नवं हवं, उद्या आई जुनी झाली म्हणून नवी आणाल. तोंडाला येईल ते. माझं मलाच ऐकवत नव्हतं. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली, ऐकलं आणि लावून घेतली.

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला," बाळ म्हणाला.

मास्तर कपात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तिचंही बरोबर आहे. गाडीला मूळचीच टाकी शोभते. होईल ती. जरा हट्टी आहे, पण होईल."

बाळाने टाकी परत खोक्यात घातली. जेवायलाही थांबला नाही. मी फाटकापर्यंत गेले, तेव्हा गाडीचं दार धरून हळू आवाजात म्हणाला, "आई, खरं सांगू? बाबांनी ती गाडी चालवलेली नकोच आहे तुला. आयुष्यात एवढी एक हौस उरली आहे त्यांची, तीही तुला बघवत नाही. तू पहिल्यापासून अशीच आहेस."

मोतीबिंदू नाही रे, असं अगदी ओठांवर आलं होतं. डोळे गेले आहेत त्यांचे. पण मास्तर मागे दारात उभे होते, नळीतून आमच्याकडे बघत.

"हो," मी म्हटलं, "अशीच आहे मी. सावकाश जा."

तो गेल्यावरही मी थोडा वेळ फाटकाची कडी लावत राहिले. लागलेली कडी पुन्हा पुन्हा लावत राहिले. पोटच्या पोराने असं म्हणावं, आणि आपण मान डोलवावी. फार लागलं मला ते. अजूनही लागतं.

गॅरेजमध्ये गेले तर मास्तर आधीच येऊन जुन्या टाकीपाशी बसले होते. साखळी त्यांनी आत सोडली होती. नट हाताने चाचपून एकेक टाकत होते.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. खांद्याला तेल लाव म्हणाला."

मास्तरांनी नट टाकणं थांबवलं. मग खाली बघून म्हणाले, "दमली असशील तू."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं तर वाटलं, खोटं कशाला बोला?

"दमलेय," मी म्हटलं. "खूप दमलेय. पण धरते."

मी समोर बसले, बूच लावलं, माझं टोक हातात घेतलं. मास्तर म्हणाले, "व्हिनेगर संपलंय. उद्या आणायला हवं."

"आणते. मीठही संपत आलंय. दोन पुडे आणते, म्हणजे अधेमधे कमी पडायला नको."

मास्तरांचे हात टाकीवर तसेच राहिले. मी वाट पाहिली. त्यांनी मान वर केली, आणि त्या एवढ्याशा नळीतून मला शोधलं. आधी माझा खांदा सापडला असावा, मग गळा, मग चेहरा. चेहऱ्याशी आले तेव्हा थांबले. डोळे भरून आले होते त्यांचे, थेंब न घालताच.

"बरणीचं झाकण नीट लावत जा," मी म्हटलं. "मुंग्या येतात."

"लावीन," मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून, शिकवायच्या जुन्या आवाजात म्हणाले, "हळू घे हं आज. घाई नाही आपल्याला." आणि म्हणाले, "हं!"

मी माझं टोक उचललं.